मिथेनचा ‘ठसा’ किती खरा?

हवेतील मिथेन कोठून आला हे त्यातील कार्बनची स्थिर समस्थानिके सांगतात; जणू गुन्हेगाराच्या बोटांचे ठसेच! विज्ञानलेखांतून वरचेवर भेटणारी ही उपमा आपणही वर्गात वापरतो. आम्हाला ती खटकते.

तिच्यात तथ्य आहे. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. दलदलीतील व गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांच्या मिथेनमध्ये तो प्रमाण नमुन्यापेक्षा दर हजारी सुमारे ६० ने कमी भरतो. खनिज वायूत ही तूट सरासरी ४४ च्या आसपास असते. २००७ पासून हवेतील मिथेन पुन्हा वाढू लागला आणि त्यातील कार्बन-१३ चे प्रमाण घटत गेले, तेव्हा संशय सूक्ष्मजीवांवर गेला तो यामुळेच.

पण जालना जिल्ह्यातील एखाद्या गोठ्यात डोकावू. ज्वारी व मका यांचे प्रकाशसंश्लेषण निराळ्या पद्धतीचे असल्याने त्यांच्यातील तूट दर हजारी १२-१३ च असते. सोयाबीन व भातात ती २७ च्या आसपास असते. चाऱ्यातला हा फरक मिथेनमध्येही उतरतो. कडब्यावर पोसलेल्या बैलाचा मिथेन त्यामुळे खनिज वायूच्या आकड्याकडे सरकतो. त्याला हिरव्या गवतावरच्या युरोपीय गाईचा आकडा लावला, तर हिशेब चुकणारच.

ठसा एकाचाच असतो. हवेतला आकडा मात्र अनेक उगमांची सरासरी आहे. एका समीकरणातून तीन अज्ञात पदे निघत नाहीत, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल. हायड्रोजनच्या समस्थानिकांची व स्थानिक चाऱ्याच्या मोजणीची जोड हवीच. गुरांना दोषी ठरवण्यापूर्वी वर्गात एवढे तरी विचारावे : ती खातात काय?