देवयानीजवळची निळी कमान : एका आकाशचित्राचे परीक्षण

पुस्तके, नाटके, गायनाच्या मैफली, चित्रकारांची प्रदर्शने यांची परीक्षणे आमच्या नियतकालिकांतून नित्य येत असतात. छायाचित्राच्या वाट्याला परीक्षण क्वचितच येते, आणि आकाशाच्या छायाचित्राच्या वाट्याला तर जवळजवळ कधीच नाही. ते पाहून वाहवा करावी आणि पान उलटावे, एवढाच आमचा रसिकधर्म. याचे कारण असे की, असे चित्र कोणी 'केलेले' असते हेच आपण मानीत नाही. आकाशाने दिले आणि यंत्राने घेतले, अशी आपली समजूत असते. वस्तुतः दूरच्या तेजोमेघाच्या वा दीर्घिकेच्या प्रत्येक चित्रामागे माणसाने घेतलेले शेकडो निर्णय असतात. जेथे निर्णय आहेत तेथे गुणदोषही आहेत, आणि गुणदोष आहेत तेथे टीकेला वाव आहे. आज तर हातातल्या पडद्यावर रोज नवी आकाशचित्रे येतात, व त्यांतील काही आकाशाशी काडीचाही संबंध नसलेली, संगणकानेच रचलेली असतात. खरे चित्र कोणते आणि नुसते देखणे कोणते, हे ओळखण्याची कसोटी वाचकाजवळ असणे आता अगत्याचे झाले आहे.

या कसोटीसाठी आम्ही एकच चित्र निवडले आहे. ग्रिनिच येथील राजवेधशाळेच्या वार्षिक स्पर्धेत २०२३ साली जे चित्र सर्वश्रेष्ठ ठरले, ते हे. त्याचे नाव 'अँड्रोमिडा, अनएक्सपेक्टेड', म्हणजे आपल्या भाषेत 'अनपेक्षित देवयानी'. मार्सेल ड्रेक्सलर, ग्झाविए स्ट्रॉटनर आणि यान सँती हे त्याचे कर्ते, तिघेही हौशी. फ्रान्समधील नान्सी या शहराजवळून, अवघ्या १०६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार इंच व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीने ते घेतले आहे. मात्र त्यासाठी एकंदर १११ तासांचा प्रकाश साठविला आहे.

चित्राचा विषय जुना आहे, किंबहुना झिजलेला आहे. मराठी ज्योतिषप्रेमींनी पाश्चात्त्य अँड्रोमिडेला देवयानी म्हटले आणि तिच्या शेजारी शर्मिष्ठा, ययाति व वृषपर्वा यांना बसवून महाभारतातील एक सबंध उपाख्यान उत्तर आकाशात मांडले. कार्तिकातल्या निरभ्र, चंद्रहीन संध्याकाळी गावाच्या दिव्यांपासून दूर गेले, तर देवयानीतील दीर्घिका नुसत्या डोळ्यांनाही पुसट डागासारखी दिसते. तो डाग म्हणजे सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेला, आपल्या आकाशगंगेसारखाच एक ताऱ्यांचा महासमूह होय. डोळ्यांना त्याचा गाभाच तेवढा दिसतो. पुरी दीर्घिका आकाशात तीन अंशांहून अधिक, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत इतकी पसरलेली आहे. प्रत्येक हौशी छायाचित्रकार आपली विद्या प्रथम हिच्यावरच आजमावतो. अशा विषयात नवे काही सांगणे म्हणजे 'रामायणा'त नवा प्रसंग शोधण्याइतकेच अवघड.

तरीही या चित्रात नवे काही आहे. दीर्घिकेच्या आग्नेयेस एक फिकट निळी कमान दिसते. तिची लांबी सुमारे दीड अंश, म्हणजे तीन पूर्णचंद्रांएवढी. इतकी मोठी वस्तू, इतक्या परिचित वस्तूच्या शेजारी, २०२२ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. ती प्रकाशात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची वैज्ञानिक नोंद झाली. चित्राच्या नावातील 'अनपेक्षित' या शब्दाचा अर्थ हा.

ही कमान आजवर का दिसली नाही, याचे उत्तर या कलेच्या मर्मापाशी नेते. थोरल्या दुर्बिणी दूरचे पाहतात, परंतु त्यांची नजर अरुंद असते. हबल दुर्बिणीला या दीर्घिकेचा जेमतेम एक भाग टिपण्यासाठी चारशेहून अधिक तुकडे जोडावे लागले. जे विशाल आणि अत्यंत मंद आहे, ते अशा नजरेतून निसटते. लहान दुर्बीण मात्र एका दृष्टिक्षेपात कित्येक अंशांचे आकाश सामावून घेते. दुसरे कारण रंगाचे. ही कमान ऑक्सिजनच्या आयनांच्या ५००.७ नॅनोमीटर लांबीच्या एका प्रकाशरेषेतच काय ती उजळते. बाकीच्या प्रकाशात ती बुडून जाते. त्या एका रेषेपुरतीच फट ठेवणारी गाळणी लावून रात्रीमागून रात्री थांबले, तरच ती हाती लागते.

या रेषेला स्वतःचा इतिहास आहे. १८६४ साली हगिन्स यांना ती तेजोमेघांच्या प्रकाशात दिसली, तेव्हा पृथ्वीवरील कोणत्याच मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. म्हणून 'नेब्युलियम' नावाचे एक द्रव्यच कल्पावे लागले. १९२७ साली बोवेन यांनी दाखवून दिले की, ती आपल्या परिचयाच्या ऑक्सिजनचीच, पण कमालीच्या विरळ अवस्थेतील रेषा आहे. आमच्या वाचकांना याहून जवळची एक गोष्ट ठाऊक असावी. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील याच मुख्य रेषेचा अभ्यास केला होता. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. म्हणजे ज्या प्रकाशाने आज हौशी लोकांना कीर्ती दिली, त्याची ओळख महाराष्ट्राच्या भूमीला सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती.

हौशी माणसाने व्यावसायिकांना मागे टाकावे, हेही देवयानीच्या बाबतीत नवे नाही. १८८८ साली इंग्लंडात लिव्हरपूलजवळ आयझॅक रॉबर्ट्स या बांधकामाच्या व्यवसायातील गृहस्थाने २० इंची आरशाच्या दुर्बिणीने, तासन्‌तास प्रकाश साठवून, या दीर्घिकेचे चित्र घेतले. तिच्या अंगावरील वलये प्रथमच स्पष्ट दिसली. तेव्हाच्या विद्वानांनी त्यांचा अर्थ एक सूर्यमाला जन्मास येत आहे असा लावला. तो अर्थ पार चुकीचा होता. १९२३ मध्ये हबल यांनी तिच्यातील एक रूपविकारी तारा ओळखला, त्यावरून तिच्या अंतराची कल्पना आली, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे ठरले. अर्थ कोसळला, पण रॉबर्ट्स यांचे चित्र कोसळले नाही. चित्रात जे होते ते आकाशातही होते.

हाच आमच्या मते आकाशचित्राच्या परीक्षणाचा पहिला निकष होय : अर्थ बदलला तरी चित्र टिकते काय? निळ्या कमानीच्या बाबतीतही अर्थाचा वाद लगेच सुरू झाला. ती खरोखर देवयानीच्या सान्निध्यात आहे, की आपल्याच आकाशगंगेतील वायूचा पट्टा वाटेत आडवा आला आहे? पुढील अभ्यासांतून ती आपल्याच घरची, तुलनेने जवळची असावी, असे मत पुढे आले. तसे असेल तर देवयानीशी तिचे नाते केवळ दृष्टिभ्रमाचे ठरेल. पण कमान मात्र खोटी ठरणार नाही. कारण ती निरनिराळ्या दुर्बिणींनी, निरनिराळ्या ठिकाणांहून पुन्हा टिपली गेली आहे. मंद डाग दिसला की पहिला संशय यंत्रावरच घ्यावयाचा असतो : भिंगावरचे प्रतिबिंब, गाळणीवरची धूळ, शेजारच्या दिव्याची उजेडपट्टी. दुसऱ्याच्या यंत्रातही तेच दिसले, म्हणजे तो संशय फिटतो. कर्त्यांनी घाईने कीर्ती न घेता ही वाट धरली, हे त्यांच्या चित्राच्या सौंदर्याइतकेच स्तुत्य आहे.

आता कारागिरीविषयी. अशा चित्रात एकच एक फोटो नसतो. काही मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचून त्यांची सरासरी काढलेली असते. प्रकाश चौपट साठविला तर स्पष्टता दुप्पट होते. १११ तास साठविला तर एका तासाच्या मानाने सुमारे साडेदहा पट. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बिणीला उलट गतीने ताऱ्यामागे न्यावे लागते. भिंगावर झाकण ठेवून घेतलेले काळे फोटो यंत्राचा स्वतःचा दोष दाखवितात, आणि सारख्या उजेडाच्या पांढऱ्या पृष्ठभागाचे फोटो धुळीचे डाग व कडांचा अंधार दाखवितात. हे दोष मूळ फोटोंतून काढून टाकावयाचे असतात. या कलेतील बहुतेक श्रम वजाबाकीचे आहेत. गोव्यातील व कोंकणातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सहज पटेल. तेथे कारागीर चुन्याच्या गिलाव्यावर काव लावतो आणि मग लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करतो. काढून टाकल्याने चित्र उमटते. पण साम्य येथेच संपते. कावीच्या कारागिराने वेल काढावी की मोर, हे त्याच्या मनावर असते. आकाशचित्रकाराला ती मुभा नाही. खरवडावयाचे त्याने, पण खालची रेषा आधीच असली पाहिजे.

या कसोटीवर प्रस्तुत चित्र बहुतांशी उतरते, तथापि ते निर्दोष नाही. कमानीला दिलेला शुद्ध निळा रंग डोळ्यांना सुखद आहे, परंतु त्या रेषेचा खरा वर्ण हिरवट समुद्राच्या पाण्यासारखा असतो. दीर्घिका व कमान यांच्या तेजांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चित्रात ते इतके मिटविले आहे की, अजाण प्रेक्षकाला दुर्बिणीला डोळा लावताच ती कमान दिसेल असे वाटावे. ती कोणत्याही दुर्बिणीतून कोणालाही तशी दिसणार नाही. हे खोटे बोलणे नव्हे, कारण मंद वस्तू दाखविण्याचा दुसरा मार्गच नाही. परंतु चित्राखाली तसे सांगणे हे कर्त्याचे कर्तव्य ठरते. शीर्षकातील 'अनपेक्षित' हा शब्दही आम्हांस थोडा उतावळा वाटतो. प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे हे त्याला आधीच सांगितले जाते, आणि कमान आपली आपण सापडण्याचा आनंद हिरावला जातो.

याहून मोठा दोष आजच्या हौशी आकाशचित्रांत सर्रास दिसतो, आणि त्याची चर्चा केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. १९९५ साली हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील स्तंभांचे जे चित्र घेतले, त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा व ऑक्सिजनला निळा रंग दिलेला होता. वायूंचा भेद दाखविण्यासाठी केलेली ती सोय होती. तिची आता फॅशन झाली आहे. जिकडे तिकडे तीच सोनेरी-निळसर छटा. शंभर चित्रकारांचे शंभर तेजोमेघ एकाच रंगाऱ्याने रंगविल्यासारखे दिसतात. दुसरे संकट अधिक गंभीर आहे. हजारो चित्रांवर शिकविलेल्या संगणक-प्रणाली आता धूसर फोटो क्षणात रेखीव करून देतात. अस्पष्ट तारा नीटस करणे एक, आणि वायूच्या पटात कधी नसलेले धागे विणणे निराळे. या दोहोंतील सीमा पुष्कळदा वापरणाऱ्यालाही कळत नाही. देवळाच्या भिंतीवरील पुसट झालेल्या चित्रावर कोणी नवा रंग चढविला, तर जाणकार हळहळतात. येथे मात्र त्यालाच टाळ्या पडतात. आमची सूचना साधी आहे : किती तास, कोणती गाळणी, कोणते साधन, कोणती प्रणाली, ही नोंद चित्राचाच भाग मानावी. जेथे ती नाही, तेथे स्तुती राखून ठेवावी.

बेळगाव, बडोदे, इंदूर वा गोव्यातील ज्या तरुणांजवळ तीन-चार इंचांची दुर्बीण आणि साधा कॅमेरा आहे, त्यांना या चित्रापासून काय घेता येईल? नान्सीची दुर्बीण लहान असली तरी स्वस्त नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आकाराचे लहानपण आणि किमतीचे लहानपण यांत गल्लत होऊ नये. परंतु चित्राचे खरे भांडवल निराळे होते : विस्तृत नजर, एकच विषय आणि १११ तासांचा धीर. रॉबर्ट्स यांच्या काचपट्टीवर पडलेल्या प्रकाशापैकी शंभरातला एखादाच अंश उपयोगी पडे. आजच्या कॅमेऱ्यात ऐंशीहून अधिक पडतात. म्हणून पुण्याच्या जुन्या २० इंची आरशाला जे साधले नसते, ते आज चार इंचांना साधू शकते. आमच्याकडे पावसाळा चार महिने आकाश झाकतो, किनाऱ्यावर दमट हवेत भिंगावर दव धरते, आणि शहरांचे दिवे रात्र गिळतात. तरी दिवाळीपासून होळीपर्यंतच्या रात्री उरतातच, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर काळोख अजून शिल्लक आहे. अशा प्रत्येक रात्री नवा विषय घेण्याऐवजी एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा परतणे, आणि थोरल्या दुर्बिणींची नक्कल करण्याऐवजी त्यांच्या अरुंद नजरेत न मावणारे शोधणे, हा लहान साधनाचा स्वधर्म होय.

'अनपेक्षित देवयानी'चे रंग उद्या जुने वाटतील, तिच्या कमानीचा अर्थही कदाचित पुन्हा बदलेल. तरीही रॉबर्ट्स यांच्या काचपट्टीच्या पंक्तीला तिला बसविण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कारण तिच्यातील जे मुख्य, ते कर्त्यांनी कल्पिलेले नसून त्यांना सापडलेले आहे.