मूतखड्याच्या दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रियेतील भुलेची सुरक्षितता : संशोधनपर निष्कर्षांची चिकित्सा

प्रस्तावना :
मूत्रपिंडातील मोठे खडे पाठीवरील लहान छेदातून काढण्याची पद्धत स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व जोहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. 'पीसीएनएल' या नावाने ती आज रूढ आहे. तिच्यासाठी पूर्ण भूल द्यावी की पाठीच्या कण्यातून, याविषयी विपुल लेखन झाले आहे. कण्यातील भूल कमी खर्चाची, वेदना कमी करणारी आणि 'तितकीच सुरक्षित' असल्याचा निष्कर्ष त्यात वारंवार आढळतो. यातील शेवटच्या विधानाची चिकित्सा आवश्यक आहे.

संख्येची मर्यादा :
अशा अनेक तुलनांत प्रत्येक गटातील रुग्णसंख्या अल्प असते. वेदना वा रुग्णालयातील मुक्काम मोजण्यास ती पुरते. विरळ पण प्राणघातक घटनांसाठी पुरत नाही. संख्याशास्त्रातील 'तीनच्या नियमा'नुसार ६० रुग्णांत एकही दुर्घटना घडली नाही, तरी तिचे खरे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकते. 'दुर्घटना आढळली नाही' याचा अर्थ 'दुर्घटना होत नाही' असा करता येत नाही. शिवाय अभ्यासासाठी बहुधा सुदृढ प्रकृतीचे रुग्ण निवडले जातात. ज्यांच्या बाबतीत भुलेची निवड खरोखर निर्णायक ठरते, ते हृदयविकाराचे वा अतिस्थूल रुग्ण वगळले जातात.

धोक्याचे स्वरूप :
ही शस्त्रक्रिया परंपरेने रुग्णास पालथे झोपवून केली जाते. पूर्ण भुलेत रुग्णास पालथे करताना श्वासनलिकेतील नळी सरकू शकते, डोळ्यांवर दाब येऊ शकतो. कण्यातील भुलेत शुद्धीवर असलेला रुग्ण धाप लागल्याचे स्वतः सांगू शकतो, हा तिचा खरा गुण होय. परंतु शस्त्रक्रिया लांबल्यास गुंगीचे औषध द्यावे लागते. श्वास मंदावला, तर पालथ्या रुग्णाचा श्वासमार्ग सुरक्षित करणे कठीण असते. बाराव्या बरगडीच्या वरून छेद घेतल्यास फुप्फुसावरणास होणारी इजा, धुण्याच्या थंड द्रवामुळे घटणारे शरीराचे तापमान, त्या द्रवाचे शोषण आणि संसर्गयुक्त खड्यातून रक्तात पसरणारे जंतू हे धोके दोन्ही प्रकारांत राहतात. उताण्या स्थितीत श्वासमार्ग हाताशी राहतो. म्हणून रुग्णाची स्थिती विचारात न घेता केलेली भुलेची तुलना अपुरी ठरते.

समारोप :
सुरक्षितता एखाद्या औषधाचा अंगभूत गुण नसून रुग्ण, स्थिती, छेद, द्रव व देखरेख यांतून ती सिद्ध होते. पुढील अभ्यासांत रुग्णाची स्थिती, छेदाची जागा, द्रवाचे प्रमाण व तापमान, तसेच कण्यातील भूल अपुरी पडून पूर्ण भूल द्यावी लागलेल्या रुग्णांची संख्या नोंदवली जावी. त्या नोंदींअभावी 'तितकीच सुरक्षित' हा शब्दप्रयोग टाळणेच उचित होय. दुसरा भूलतज्ज्ञ मदतीस नसलेल्या लहान रुग्णालयांत या शब्दांवर विसंबून घेतलेल्या निर्णयाची किंमत रुग्णास मोजावी लागते.