चंदीचा हिशेब

‘ब्लॅक ब्यूटी’ वाचताना लोक रडतात असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मी मात्र ते पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचले. त्याला इलाज नाही. माणूस बी.कॉम. झाला आणि वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसला, की समोर रामायण ठेवले तरी सेतूला दगड किती लागले, हेच आधी पाहतो.

पुस्तक १८७७ सालचे, इंग्लंडमधले. लेखिका ॲना स्यूएल. चौदाव्या वर्षी बाई पडल्या आणि घोट्यांना दुखापत झाली, ती जन्मभराची. पुढचे सगळे हिंडणे-फिरणे घोडागाडीतून. म्हणजे घोडे हेच त्यांचे पाय. हे एकच पुस्तक त्यांनी लिहिले आणि ते छापून आल्यावर काही महिन्यांतच, १८७८ साली, त्या गेल्या. काळा घोडा आपली जन्मकथा स्वतःच सांगतो. आपण नुसत्या अनुवादक, असे बाई पहिल्या पानावर जाहीर करतात. पुस्तकाच्या मूळ लांबलचक नावात घोड्याच्या पाठोपाठ त्याच्या मोतद्दारांचा उल्लेख आहे आणि सोबत्यांचा नंबर त्यांच्याही मागे. टीकाकारांनी या क्रमाकडे जरा लक्ष द्यावे. माझ्यासारख्या पुष्कळांची या घोड्याशी पहिली भेट शाळेच्या रॅपिड रीडरमध्ये झाली असेल, आणि रॅपिड रीडर म्हणजे पुस्तकातले अश्रू तेवढे गाळून घ्यायची चाळणी. आमच्या प्रतीत बॅरीसाहेब नव्हतेच. आणि माझ्या मते पुस्तकातली सर्वांत मोलाची पाने बॅरीसाहेबांची आहेत.

तिसाव्या आणि एकतिसाव्या प्रकरणांत हे मिस्टर बॅरी येतात. बाथ शहरात राहणारे, अविवाहित, धंद्यात बुडालेले. डॉक्टरांनी सांगितले, घोड्यावर बसत जा. आपल्याला डॉक्टर सकाळचे फिरायला सांगतात आणि आपण बूट विकत आणतो. बॅरीसाहेबांनी घोडा आणला. घोड्यातले त्यांना काही कळत नाही, पण माणूस चिक्कू नाही. घरापासून थोड्या अंतरावर तबेला भाड्याने घेतला, फिल्चर नावाचा मोतद्दार ठेवला. उत्तमातले गवत, भरपूर ओट, भरडा, कोंडा, वर लागेल तशी हिरवी वैरण, असा रतीब लावून दिला. आमच्या भाषेत सांगायचे तर लिमिट अगदी सढळ हाताने मंजूर केले आणि स्टॉक मोजायचे काम, स्टॉक ज्याच्या ताब्यात त्याच्यावरच सोपवून दिले!

पुढचे कुठल्याही शाखेतला शिपाईसुद्धा सांगेल. गव्हाणीत ओट पाव हिश्श्यावर आले, बाकीची जागा कोंड्याने भरून निघाली. दोन महिन्यांत घोडा गळाला. धन्याला पत्ता नाही, कारण पैसे तर तो पुरे मोजत होता! चोरी पकडली ती वेल्सच्या वाटेवर राहणाऱ्या एका शेतकरी मित्राने. घोड्याच्या मानेवरून आणि खांद्यांवरून त्याने सावकाश हात फिरवला आणि सांगून टाकले, की तुझी चंदी कोण खातो ते मला ठाऊक नाही, पण हा घोडा नक्की खात नाही. बिल मागितले नाही, पावती मागितली नाही. असा ऑडिटर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. शेवटी पोलिसांना उलगडा झाला. मोतद्दार रोज सकाळी सहाला येई, बरोबर एक पोरगा, पोराच्या हातात झाकलेली टोपली. फिल्चरची बायको कोंबड्या आणि ससे पोसून विकायची. घोड्याचे ओट तिकडे जात. फिल्चरला दोन महिन्यांची कैद झाली. घोडा दोन महिने अर्धपोटी, चोर दोन महिने आत. मुद्दल तेवढे वसूल, व्याज माफ.

दुसरा मोतद्दार स्मर्क. हा चोर नव्हता, ही त्याची एकमेव लायकी. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि धनी समोर असला की घोड्याला थोपटणारा. दाराशी आणण्यापूर्वी आयाळ-शेपूट पाण्याने विंचरायचा, खुरांना वरून तेल लावायचा. खुरांच्या आत पाहणे, नाल तपासणे, नीट खरारा करणे हा त्याला कमीपणा वाटे. ओला पेंढा तसाच राहू लागला, तबेल्याला वास सुटला. धन्याने विचारले तर म्हणे गटार तुंबले असेल. गवंडी बोलावला, त्याने विटा उखडल्या, काही सापडले नाही म्हणून चुना टाकला आणि पाच शिलिंग घेतले. वास होता तसाच. या दोन प्रकरणांत आकड्यासकट आलेला खर्च मला हा एवढाच सापडला, आणि तोही न झालेल्या कामाचा. मग घोडा ठेचकाळायला लागला, तेव्हा नालबंदाने सांगितले, की खुरांत कूज धरली आहे.

इथे बाईंशी माझा थोडा झगडा आहे. फिल्चर म्हणजे इंग्रजीत भुरटा चोर, स्मर्क म्हणजे लाडिक हसणारा. बारशातच चारित्र्याचा दाखला देऊन टाकायचा, ही काही कला नव्हे. पण बॅरी हे नाव नुसते नाव आहे. तो दुष्ट नाही, थोर नाही. पैसे देतो आणि पैसे दिले म्हणजे काम झाले असे समजतो. पुस्तकात चाबूक मारणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यावर आपण आरामात चिडू शकतो. बॅरीसाहेबांवर चिडताना मात्र जीभ अडखळते.

उलट जेरी बार्कर बघा, लंडनचा टांगेवाला. हाच घोडा तो बाजारात साडेचोवीस पौंडांना घेतो, वर सहा पेन्सही देणार नाही म्हणून. पण घरात बायको-मुलांसकट सगळे तबेल्यात राबतात, आणि रविवारी घोडा जोडायचा नाही म्हणून त्याने परवानाच सहा दिवसांचा काढलेला. त्याच नाक्यावर भाड्याने गाडी चालवणारे आहेत. हंगामात एक गाडी आणि दोन घोडे यांचे मालकाला रोजचे १८ शिलिंग. म्हणजे घोड्यामागे ९. मी मांडून पाहिले: साडेचोवीस पौंड म्हणजे ४९० शिलिंग, म्हणजे चंदीचा खर्च बाजूला ठेवला तर पंचावन्न दिवसांत घोड्याची किंमत मालकाच्या खिशात परत. मग त्याची खुरे कोण कशाला बघेल? बाई हे गणित करून दाखवत नाहीत, पण आकडे दोन्ही ठिकाणी चोख ठेवून जातात. उगाच नाही मी त्यांना मानत.

बॅरीसाहेबांचे पुढे काय झाले? दोन मोतद्दारांनी फसवल्यावर त्यांनी घोडा पाळणेच सोडले आणि लागेल तेव्हा भाड्याने घ्यायचा निश्चय केला. हा घोडा त्यांच्याकडे आला होता तो भाड्याचे घोडे देणाऱ्याच्या तबेल्यातूनच, आणि तिथे कुणीही यावे आणि कसेही हाकावे अशी त्याची दशा होती, हे बाईंनीच आधी दोन प्रकरणे सांगितले आहे. म्हणजे साहेब सुटले, घोडे तिथेच. यावर बाई एक शब्दही बोलत नाहीत. माथेरानला तासाच्या बोलीवर घोड्यावर बसून फोटो काढताना मीही कधी विचारले नव्हते, याला सकाळी काय घातले म्हणून.

शेवटी शेवटी घोड्याची किंमत पाच पौंडांवर येते. इतका घसारा आमच्या शाखेच्या पंख्यांवरही काढत नाहीत. घेणाऱ्याने त्याला तजेला आणून तीन बायकांच्या घरी दिला, आणि तिथला मोतद्दार निघाला जो ग्रीन. हा जो पूर्वीच्या एका मालकाकडे कोवळा पोरगा होता. एका रात्री धावून घामाघूम झालेल्या या घोड्याला त्याने भरपूर गार पाणी पाजले, अंगावर घोंगडी टाकली नाही, आणि घोडा मरता मरता वाचला. पोरगा दुष्ट नव्हता. त्याला ठाऊक नव्हते. पण तो त्या कामात टिकला. आता खरारा करताना त्याला कपाळावरची चांदणी दिसते, एक पांढरा पाय दिसतो, आणि तो मानेवर हात नेऊन त्या आजारात रक्त काढल्याची जुनी गाठ चाचपून बघतो.