सामायिक लायब्ररींचे परस्परावलंबन : पुण्यातील झेडएफएस रूपांतराची चिकित्सा

फाइल सिस्टिमचे मूल्यमापन बहुधा वेग व साठवणक्षमता या निकषांवर होते. ती ज्या लायब्ररींच्या आधारे चालते, त्यांच्या परस्परावलंबनाचा विचार क्वचितच केला जातो. पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीने २०१० साली सादर केलेले झेडएफएसचे लिनक्स-रूपांतर या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

झेडएफएस ही मूळची सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिस प्रणालीतील. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने तिचा गाभा लिनक्सवर आणला होता. परंतु फायली उघडण्यासाठी व वाचण्या-लिहिण्यासाठी लागणारा पॉझिक्स स्तर त्यात नव्हता. पुण्यातील अभियंत्यांनी तो रचला. हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्या स्तराखालचा पाया इतरांच्या हाती होता.

सोलॅरिस कर्नेलच्या सुविधा लिनक्समध्ये पुरविणारे 'एसपीएल' हे स्वतंत्र मॉड्यूल होते आणि झेडएफएसचे मॉड्यूल त्यावर विसंबून होते. परवान्यांतील विसंगतीमुळे दोन्ही मूळ कर्नेलबाहेरच राहिली. लिनक्स कर्नेल आपले अंतर्गत इंटरफेस स्थिर ठेवण्याची हमी देत नाही. त्यामुळे कर्नेल बदलला की दोन्ही नव्याने बांधणे आले. एक बांधले गेले व दुसरे राहिले, तर संगणक सुरू होतो, पण पूल उघडत नाही. माहिती डिस्कवर शाबूत असते. वापरणाऱ्याच्या लेखी मात्र ती गेलेलीच! ज्या एसपीएलचा मुख्य उपभोक्ता झेडएफएस हाच होता, त्याला वेगळी आवृत्ती देऊन रचनेचा नीटनेटकेपणा तेवढा साधला. मे २०१९ मधील ०.८ आवृत्तीत एसपीएल मूळ प्रकल्पातच समाविष्ट झाले, हे योग्यच झाले. ते फार उशिरा झाले, इतकेच.

यावरून प्रत्येक विभाजन निरर्थक ठरत नाही. 'लिबझेडएफएस' ही लायब्ररी मुख्यतः झेडएफएसच्या स्वतःच्या आज्ञांसाठी लिहिलेली. तिच्या स्थैर्याचे वचन कोणी दिले नव्हते. तरीही बाहेरची साधने तिच्याशी जोडली गेली. म्हणूनच 'लिबझेडएफएस-कोअर' ही लहान व स्थिर लायब्ररी वेगळी काढावी लागली. डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा अंक असतो. तो प्रोग्रॅम व लायब्ररी यांच्यातील करार सांभाळतो. लायब्ररी व कर्नेल मॉड्यूल यांच्यातील करार त्या अंकात नोंदलेला नसतो, आणि फाइल सिस्टिमच्या बाबतीत खरा धोका तेथेच आहे. सर्वसाधारण अनुप्रयोगांची पॅकेज-शिस्त येथे अपुरी पडते ती याच कारणाने.

पुढे केक्यू इन्फोटेक ही कंपनी अमेरिकेतील स्टेक कंपनीने विकत घेतली आणि पुण्याची शाखा थांबली. लिव्हरमोरच्या शाखेत स्वतंत्र पॉझिक्स स्तर आला व मार्च २०१३ मधील ०.६.१ आवृत्ती सर्वसाधारण वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. डिस्कवरील मांडणीचा आवृत्ती-क्रमांक लायब्ररींच्या क्रमांकापासून मुळातच स्वतंत्र ठेवलेला असल्यामुळे जुने पूल नव्या शाखेत उघडण्याची वाट तत्त्वतः मोकळी राहिली.