चैत्र कधी लागतो?

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. बारा महिन्यांचे बारा लेख, पहिला 'वसंतहृदय चैत्र'. होळीच्या आसपास मी ते दरवर्षी पुन्हा काढते. यंदा द्वारकेतल्या घरी हा पहिला लेख स्वतःपुरता हिंदीत करून पाहायला घेतला, आणि शीर्षकातच फसले.

फसले हे कळायलाही वेळ लागला. वसंत, हृदय, चैत्र हे तिन्ही शब्द हिंदीत आहेतच. उचलून ठेवले आणि पुढं गेले. मसुदा शेजारच्या, मूळच्या बनारसच्या बाईंना वाचायला दिला तेव्हा होळी होऊन आठवडा झाला होता. त्यांच्या हिशोबानं चैतही लागून आठवडा झाला होता. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मात्र अजून फाल्गुनच! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. म्हणून आपली रंगपंचमी फाल्गुन वद्यात, आणि तोच दिवस इथं चैत्र वद्यात. पाडव्याला दोन्ही पंचांगं जुळतात, पण इथला चैत्र तोवर अर्धा सरलेला असतो.

एवढंच असतं तर तळटिपेवर भागलं असतं. पण या पुस्तकाची मांडणीच आपल्या पंचांगावर उभी आहे. चैत्रानं उघडायचं, म्हणजे नवं वर्ष आणि नवा महिना एकाच दिवशी. हिंदी वाचकाचं वर्ष चैत्राच्या मधोमध बदलतं; त्याच्या चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षाचा असतो.

गंमत म्हणजे झाडं त्याच्या बाजूनं आहेत. आमच्या सोसायटीबाहेर मार्चमध्ये सेमलची (आपली काटेसावर) जाड लाल फुलं गाड्यांच्या टपांवर पडतात, आणि त्याच सुमारास कडुनिंब पानं गाळत असतो. झाडूवाल्याला सर्वांत जास्त काम वसंतातच. वसंत म्हणजे पालवी, हे शाळेतल्या निबंधातलं. प्रत्यक्षात जुनं गळणं आणि नवं फुटणं एकाच फांदीवर चालू असतं. 'ऋतुचक्र'ला 'काव्यात्म निसर्गवर्णन' म्हणून बाजूला ठेवण्याची आपली सवय मला म्हणूनच खटकते. त्यात लोकसाहित्याच्या अभ्यासकाची नजर आहे. तिच्या लेखी महिना हा झाडांचा असतो तसा माणसांचाही. ती नजर बाजूला काढली तर उरेल ती नुसती शब्दांची आरास, आणि तेवढ्यासाठी भाषांतराचा खटाटोप कोण करील?

मसुदा परत देताना बाईंनी एकच विचारलं, "इसमें चैती कहाँ है?" त्यांच्याकडे चैत म्हटलं की चैती आठवते. या महिन्यात गायची, बहुतेक विरहाची. मला चैत्र म्हटलं की चैत्रगौर, कैरीची डाळ, पन्हं, हळदीकुंकवाला आलेल्या बायका. त्यांचा चैत कुणाची तरी वाट पाहणारा, माझा चैत्र पाहुण्यांनी भरलेला. शब्द एकच, आणि मी त्याला भाषांतराची गरजच नाही असं धरून चालले होते. इंग्रजीत करत असते तर पहिल्याच ओळीला सावध झाले असते.

मसुद्यात आता मी 'चैत्र'च ठेवला आहे, 'चैत' केलेला नाही. हिंदीत तो जरा पंडिती वाटतो. वाटू दे. बाईंना अजून पटलेलं नाही. वैशाखाचा लेख झाला की दाखवा, म्हणाल्या.