खिचडी कोणत्या रकान्यात?

काही दिवसांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गावर जाण्याचा योग आला. भिंतीवर ‘संतुलित आहार’ या विषयाचा तक्ता टांगलेला होता. त्यात तीन रकाने होते: ऊर्जा देणारे अन्न, शरीराची वाढ करणारे अन्न आणि संरक्षक अन्न. पहिल्या रकान्यात भात, पोळी आणि बटाटा. दुसऱ्यात दूध, अंडी, मांस आणि डाळी. तिसऱ्यात फळे व पालेभाज्या. मुलांनी तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. आम्ही विचारले, “आज दुपारी शाळेत काय जेवलात?” उत्तर आले, “खिचडी!” “मग ती कोणत्या रकान्यात बसते?” वर्ग गप्प झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, “सर, ती तक्त्यात नाही.”

मुलगी अगदी बरोबर बोलली. आहाराच्या पाठावर आमचा मुख्य आक्षेप आहे तोही हाच.

तीन रकान्यांची विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे, हे मान्य करू. परंतु ती वाचून मुलांचा असा समज होतो, की एका पदार्थाचे काम एकच. भाताने फक्त ऊर्जा मिळते आणि वाढ होते ती दूध-अंड्यांनी. हे खरे नाही. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून सुमारे ४५० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. आता हिशेब करू. १०० ग्रॅम तांदळात ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. २० ग्रॅम तूरडाळीत ४ ते ५ ग्रॅम. म्हणजे खिचडीतली जवळजवळ दोन तृतीयांश प्रथिने येतात तांदळातून, ज्याला तक्ता केवळ ‘ऊर्जा देणारा’ म्हणतो!

डाळीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. तांदूळ, ज्वारी, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते. ती उणीव धान्य भरून काढते. वरणभात, डाळ-भाकरी, खिचडी या जोड्यांमागचे विज्ञान हे आहे. रकाने पाडले, की नेमकी ही जोडीच दिसेनाशी होते.

याच वर्गात आम्ही दुसरा प्रश्न विचारला, “काल रात्री घरी काय खाल्ले?” एका मुलाने खाली मान घालून सांगितले, “भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.” हे उत्तर चुकीचे आहे, असे त्याला वाटत होते. घरच्या ताटाची लाज वाटायला लावणारा पाठ आरोग्याचा पाठ कसा म्हणावा? ज्वारीत सुमारे १० टक्के आणि शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. त्या ताटात भाजी नव्हती, फळ नव्हते. ही उणीव खरीच आहे आणि ती सांगायलाही हवी. पण आधी ताटात काय आहे ते सांगावे, काय नाही ते नंतर.

प्रथिनांविषयीचा हा भ्रम केवळ शाळेपुरता नाही. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगावर प्रथिनांचे संकट येऊ घातल्याचा इशारा दिला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि आपले मराठी संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या समजाला आव्हान दिले. आपल्याकडे ज्याला पोटभर धान्य व डाळ मिळते त्याला प्रथिने बहुधा पुरतात. कमी पडते ते मुळात अन्नच, असे सुखात्मे यांचे प्रतिपादन होते. सरपण संपले, की घराचे वासे चुलीत घालावे लागतात; तसे ऊर्जा अपुरी पडली, की शरीर प्रथिनेच जाळते. हे मुलांना समजले, तर डब्यातल्या महागड्या पावडरीच्या जाहिरातीकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.

पाठाचा दुसरा भाग म्हणजे जीवनसत्त्वे आणि रोगांच्या जोड्या. ‘क’च्या अभावी स्कर्व्ही, हे मुले पाठ करतात. स्कर्व्हीचा रुग्ण त्यांनी किंवा त्यांच्या शिक्षकांनी बहुधा कधीच पाहिलेला नसतो. याउलट, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे वरच्या वर्गांत ज्या रोगाची लक्षणे बाकांवरच बसलेली आहेत, त्याला पाठात जेमतेम एक ओळ मिळते. जेवणावर लिंबू पिळल्यास धान्य-भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते आणि जेवणालगत चहा घेतल्यास कमी, ही बिनखर्चाची माहिती त्या एका ओळीत मावत नाही.

मग शिकवावे कसे? एक प्रयोग सुचवतो. कणकेचा घट्ट मळलेला गोळा भांड्यातल्या पाण्यात चोळून धुवावा. पाणी पांढरे होते; त्यात आयोडीनचा थेंब टाकल्यास निळा-काळा रंग येतो. हा झाला स्टार्च. पाणी बदलत धूत राहिल्यास शेवटी रबरासारखा चिवट गोळा हाती उरतो. ते ग्लुटेन, म्हणजे गव्हातली प्रथिने. ‘ऊर्जा देणाऱ्या’ रकान्यातून निघालेले ‘वाढीचे’ अन्न मुलांच्या हातावरच येते. ज्वारीच्या पिठातून असा गोळा मिळत नाही. तिच्यात प्रथिने आहेत, पण ती अशी चिवट जाळी विणत नाहीत. म्हणूनच पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. घरी आईला, आजीला विचारण्याजोगे प्रश्न येथून सुरू होतात.

तक्ता भिंतीवरून काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याशेजारी एक कोरा कागद लावावा. त्यावर आठवडाभर शाळेतल्या जेवणाचे जिन्नस आणि त्यांची वजने मुलांनीच लिहावीत. बेरजा-गुणाकारही त्यांनीच करावेत. डाळ ठरल्याइतकी पडली का, भाजी किती होती, हेही मग ती विचारू लागतील. हे प्रश्न मोठ्यांना कदाचित अडचणीचे वाटतील. पण आहाराचा पाठ समजल्याची याहून चांगली परीक्षा आम्हांला तरी ठाऊक नाही.