प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन : एक आकलन

कॅथलिक नियतकालिकात एका बाप्टिस्ट पाळकावर लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. त्यातही हा पाळक असा, की ज्याने रोमच्या ख्रिस्तसभेवर आयुष्यभर कडाडून टीका केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्यावर १९६४ साली जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात आपल्यापासून दुरावलेल्या बांधवांजवळ जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आनंदाने ओळखावे, असे आम्हां सर्वांना सांगितले आहे. तेवढे उत्तर पुरेसे आहे. पण आमचे कारण त्याहून व्यावहारिक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात मिस्सेतील प्रवचनावर कितीतरी परिच्छेद खर्ची घातले आणि प्रवचनामुळे ऐकणारे भाविक व बोलणारे धर्मगुरू असे दोघेही हैराण होतात, हे मोकळेपणाने मान्य केले. अशा वेळी, एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये पाच-सहा हजार माणसे दर रविवारी ज्याला ऐकायला येत, त्या माणसाकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

चार्ल्स हॅडन स्पर्जन यांचा जन्म इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील केल्व्हडन येथे १९ जून १८३४ रोजी झाला. वडील आणि आजोबा दोघेही स्वतंत्र मंडळीचे पाळक. बालपणीची काही वर्षे आजोबांच्या घरी, स्टॅम्बोर्न या खेड्यात गेली. तेथील जुन्या ग्रंथांच्या ढिगात त्यांना जॉन बन्यनचे 'यात्रेकरूचा प्रवास' हे पुस्तक सापडले. पुढे आयुष्यात ते त्यांनी शंभराहून अधिक वेळा वाचले. ६ जानेवारी १८५० रोजी हिमवादळामुळे नेहमीच्या मंदिरापर्यंत पोहोचता येईना, म्हणून हा पंधरा वर्षांचा मुलगा कोलचेस्टरमधील एका छोट्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात शिरला. नेमलेला पाळक आलाच नव्हता. एका किडकिडीत, अल्पशिक्षित प्रापंचिकाने यशयाच्या ४५ व्या अध्यायातील, देवाकडे दृष्टी वळवण्याची हाक देणाऱ्या वचनावर जमेल तसे प्रवचन केले. तीच आपल्या परिवर्तनाची घटका, असे स्पर्जन जन्मभर सांगत राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात इझलम येथे लार्क नदीत त्यांनी बुडीचा बाप्तिस्मा घेतला. आपला मुलगा ख्रिस्ती व्हावा अशी प्रार्थना आपण केली होती, तो बाप्टिस्ट व्हावा अशी नव्हे, असे आई म्हणाली. तेव्हा, देवाने मागितल्यापेक्षा जास्तच दिले, असे उत्तर मुलाने दिले.

पुढची प्रगती विस्मयकारक आहे. सतराव्या वर्षी वॉटरबीच या गावी ते पाळक झाले आणि १८५४ साली, वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट मंडळीने त्यांना बोलावले. धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात ते कधीच गेले नाहीत. १८६१ साली मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल ही पाच हजारांहून अधिक लोकांची प्रचंड वास्तू एक पैचेही कर्ज न ठेवता उभी राहिली. १८५५ पासून त्यांचे प्रवचन दर आठवड्याला एका पेनीला छापून विकले जाई. ही छपाई त्यांच्या मृत्यूनंतरही पंचवीस वर्षे चालू राहिली आणि १९१७ साली महायुद्धातील कागदटंचाईने थांबली. एकूण ६३ खंड झाले.

या प्रवचनांचे मर्म कशात आहे? आवाज मोठा होता, हे खरे. पण छापलेल्या कागदाला आवाज नसतो आणि तरीही ती वाचवतात. आमच्या मते त्यांचे सामर्थ्य शब्दकळेत आहे. शनिवारी संध्याकाळी वचन निवडायचे, अर्ध्या कागदावर टिपणे काढायची, रविवारी उत्स्फूर्त बोलायचे आणि सोमवारी लघुलेखकाने उतरवून घेतलेला मजकूर स्वतः तपासायचा, अशी त्यांची रीत होती. याचा अर्थ शनिवारपर्यंत काहीच होत नसे असा नव्हे. त्यांच्या ग्रंथालयात सुमारे बारा हजार पुस्तके होती आणि स्तोत्रसंहितेवरील त्यांच्या सात खंडांच्या भाष्याला वीस वर्षे लागली. एवढे वाचन पचवून ते मोलकरणीच्या, गाडीवानाच्या भाषेत बोलत. १८६९ चे 'जॉन प्लाउमन्स टॉक' हे पुस्तक तर त्यांनी एका नांगऱ्याच्या तोंडी घातले आहे. आळस, कर्ज, दारू, बायकोशी भांडण असे विषय आणि म्हणींनी खच्चून भरलेली वाक्ये. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणासाठी सतराव्या शतकाच्या आरंभी इथल्या लोकांची ओवी आणि इथल्या लोकांची बोली उचलली. त्या मराठी परंपरेत वाढलेल्या वाचकाला या पुस्तकाची गोडी लवकर कळेल. आमच्याकडील कित्येक प्रवचने मात्र सेमिनरीतील टिपणवहीच्या भाषेतच अडकून पडतात, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

त्यांच्या उणिवाही त्याच प्रवचनांत आहेत. सारा भर 'मी आणि माझा तारणारा' या नात्यावर. वेदी मागे पडते, संतांची संगत जवळजवळ नाहीशी होते. ५ जून १८६४ रोजी त्यांनी स्नानसंस्काराने बालकाचा नवा जन्म होतो या शिकवणीवर हल्ला चढवला. रोख प्रामुख्याने अँग्लिकन धर्मगुरूंवर होता : पाण्याने बालक नव्याने जन्मते हे मनातून न मानणारे लोक प्रार्थनापुस्तकातील ते शब्द उच्चारतातच कसे? शब्द आणि श्रद्धा यांत अंतर नको, ही त्यांची मागणी आम्हांलाही टोचणारी आहे. पण मूळ मुद्द्यावर आमचा त्यांच्याशी सरळ मतभेद आहे, आणि त्यांच्याच आयुष्याची साक्ष आम्ही काढू. रविवारी संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचणारी, त्यांच्यासाठी रडून प्रार्थना करणारी आई नसती, आजोबांचे ते घर नसते, तर त्या हिमवादळात ऐकलेले एक वचन कोणत्या मातीत पडले असते? मूल स्वतः उत्तर देऊ लागण्यापूर्वीच देवाची कृपा घरातून, मंडळीतून त्याच्यापर्यंत पोहोचत असते. ख्रिस्तसभा बालकाला स्नानसंस्कार देते ती याच विश्वासाने.

भारतीय वाचकाला आणखी एक प्रवचन थांबवून धरील. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडमध्ये उपवासाचा राष्ट्रीय दिवस पाळण्यात आला. त्या दिवशी, ७ ऑक्टोबर रोजी, क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन यांच्यासमोर २३,६५४ श्रोते होते. शिपायांचा उठाव हा राष्ट्राचा उठाव नव्हे, स्वखुशीने चाकरी पत्करलेल्यांचे बंड आहे, असे त्यांनी सांगितले. अपराध्यांना तलवारीने शासन व्हावे असेही म्हटले. देशातील अन्यायाची झळ, कंपनी सरकारची लूट यांचा विचार तेथे दिसत नाही. इंग्रज समाजाच्या पापांवरही त्यांनी त्याच प्रवचनात कोरडे ओढले, हे नमूद केले पाहिजे. शिवाय याच माणसाने दोन-तीन वर्षांतच अमेरिकेतील गुलामगिरीचा इतका तिखट निषेध केला, की दक्षिणेतील राज्यांत त्यांच्या प्रवचनांची होळी झाली आणि पुस्तकांचा खप घसरला. खप घसरला म्हणून त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. एका अन्यायाकडे उघडे असणारे डोळे दुसऱ्याकडे मिटलेले असू शकतात. साम्राज्याच्या राजधानीत राहणाऱ्याला साम्राज्य दिसणे बहुधा सर्वांत कठीण असावे.

त्यांनी स्थापलेल्या संस्थांविषयी थोडक्यात सांगता येईल. १८५६ साली एका विद्यार्थ्यावर सुरू झालेल्या पाळक-महाविद्यालयातून त्यांच्या हयातीत सुमारे नऊशे जण तयार झाले. १८६६ पासून फिरते ग्रंथविक्रेते खेडोपाडी जाऊ लागले. एका अँग्लिकन धर्मगुरूच्या विधवेने दिलेल्या वीस हजार पौंडांतून १८६७ साली स्टॉकवेलचा अनाथाश्रम आकाराला आला. बराकीसारखी एकच मोठी इमारत न बांधता तेथे घरांसारखी घरे बांधली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आजारामुळे बहुधा घरातच असणाऱ्या पत्नी सुझॅना यांनी १८७५ पासून गरीब पाळकांना पुस्तके पुरवण्याचा निधी चालवला. (सिगार ओढण्यावरून १८७४ साली त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हाही ते बधले नाहीत. कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाची ही बाजू आम्हांला आवडते.)

१९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्स सभागृहात कोणीतरी आग लागल्याची खोटी आवई उठवली आणि चेंगराचेंगरीत सात जणांचा मृत्यू झाला. बावीस वर्षांच्या स्पर्जन यांचे मन त्या रात्रीतून पुरते कधी सावरले नाही. खिन्नतेचे झटके, पुढे सांधे धरणारा गाऊट यांनी त्यांना वारंवार अंथरुणाला खिळवले. विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानांत त्यांनी धर्मसेवकाच्या खिन्नतेवर एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि स्वतःची अवस्था त्यात लपवलेली नाही. धर्मगुरूने सदैव हसतमुख असावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्या कुटुंबांनी ते वाचावे.

आता शेवटच्या वादाकडे वळू. त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधक भाग आम्हांला तोच वाटतो. १८८७ साली आपल्या मासिकात त्यांनी इशारा दिला की बाप्टिस्ट मंडळ्यांत प्रायश्चित्त, शास्त्राचे प्रेरितत्व, अनंतकाळची शिक्षा अशा मूलभूत शिकवणी सैल होत चालल्या आहेत. २८ ऑक्टोबरला ते बाप्टिस्ट युनियनमधून बाहेर पडले. आरोपितांची नावे त्यांनी दिली नाहीत. जानेवारी १८८८ मध्ये युनियनच्या कार्यकारी मंडळाने त्यांच्यावरच ठपका ठेवला. युनियनने एक स्पष्ट श्रद्धासूत्र स्वीकारावे अशी त्यांची मागणी होती. पण प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बाहेरून कोणतेही सूत्र लादायचे नाही, हा तर बाप्टिस्टांचा पिढीजात बाणा आणि तो स्पर्जन यांचाही होता. जो न्यायाधीश असूच नये असे ते मानत, त्याच्याच दारात ते न्याय मागायला उभे होते. एप्रिलच्या अधिवेशनात दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येईल असा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. त्याला अनुमोदन देणाऱ्याचे नाव होते जेम्स स्पर्जन : त्यांचा सख्खा भाऊ आणि टॅबरनॅकलमधील सहपाळक. त्यांच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेले काही जणही विरोधात गेले.

याच सुमारास बर्मिंगहॅममध्ये कार्डिनल न्यूमन वार्धक्यात होते. १८७९ साली कार्डिनलपद स्वीकारताना त्यांनी सांगितले होते की धर्मात सत्य असे काही नसतेच, सगळी मतेच असतात, या वृत्तीशी आपण अनेक दशके झगडत आलो आहोत. शत्रू एकच, हे उघड आहे. न्यूमन यांच्यावर रोममध्ये वर्षानुवर्षे संशय घेतला गेला, तेव्हा अधिकारी ख्रिस्तसभेत सगळे सुखाचे असते असे कोणी समजू नये. परंतु न्यूमन यांच्या पाठीशी परिषदा होत्या, श्रद्धासूत्रे होती, चुकले तर चूक ठरवणारी आणि उशिरा का होईना बरोबर ठरवणारी एक सभा होती. २०१९ साली तिने त्यांना संत घोषित केले. स्पर्जन यांच्या पाठीशी त्यांचे व्यासपीठ आणि त्यासमोरचे निष्ठावंत श्रोते होते. श्रद्धेच्या ठेव्याविषयी त्यांची काळजी खरी होती, असे आम्ही मानतो. ती काळजी वाहून नेईल असे जहाज मात्र त्यांच्या सिद्धांताने त्यांना बांधू दिले नाही.

३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्समधील माँतों येथे, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ६३ खंड कोणी वाचून काढावेत असे आम्ही सुचवणार नाही. धर्मगुरू, सेमिनरीतील विद्यार्थी आणि धर्मशिक्षण देणाऱ्या भगिनी यांनी 'लेक्चर्स टू माय स्टुडंट्स' हाती घ्यावे. पवित्र शास्त्र वाचण्याच्या रीतीवर, आवाजावर, व्यासपीठावरील हातवाऱ्यांवरसुद्धा त्यात जे सांगितले आहे, ते आपल्या वेदीपाशीही तितकेच उपयोगी पडेल. घरच्या मंडळींना नांगऱ्याचे पुस्तक पुरे आहे. १८६४ चे प्रवचन वाचायचेच असेल, तर स्नानसंस्काराच्या विधीचे पुस्तक शेजारी उघडे ठेवून वाचावे.